शेजारून घेतलेला श्वास

सोमवार, ४ नोव्हेंबर
वाचनालय, दुपार

ती. दादास,

तुला पत्र लिहिण्याचा मला काय अधिकार, हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारला आहे की आता उत्तराची वाट न पाहता लिहायला बसले आहे. त्याबद्दल आधी क्षमा कर. मोठ्यांच्या भांडणात धाकट्यांनी तोंड घालू नये, असे आई सांगत असे, आणि आई हयात नसताना तिचे सांगणे मोडणे अधिक जड जाते. शिवाय गेल्या दोन वर्षांत तुझ्या-माझ्यातला पत्रव्यवहार म्हणजे तुझी फोनवर येणारी एका ओळीची विचारणा आणि माझे एका शब्दाचे उत्तर. ‘काल फ्रिज बंद होता का?’ ‘हो.’ ‘गीझर इतका वेळ?’ ‘धुणे.’ एवढ्यावर जगलेल्या नात्यात अचानक हाती लिहिलेली पाने आली, तर तू दचकशील. दचकू नकोस. विनंती लहान आहे.

घराच्या विजेचे खाते तुझ्या नावावर आहे. इमारतीत सगळ्यांच्या आधी आपला जुना मीटर काढून हा नवा बसवला तेव्हा तूच सगळी खटपट केलीस, आणि म्हणून दर अर्ध्या तासाला घरात किती वीज गेली, याचा आलेख तुझ्या फोनवर उमटतो. तो उमटू नये, अशी व्यवस्था तू करावीस. वीज कार्यालयात त्यासाठी एक अर्ज मिळतो. खातेदाराने सही केली की अर्ध्या तासाची नोंद बंद होते आणि महिन्याकाठी एकच आकडा जातो, पूर्वी जात असे तसा.

कारणही सांगते. गेल्या महिन्यात इमारतीची सभा झाली. वाहनतळात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या आणि विषय एकच, नवे मीटर. वरच्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या की मीटर आल्यापासून त्यांच्या कानात दिवसभर रातकिडा बसलेला असतो. नुकतेच लग्न झालेल्या जोडप्यातला नवरा म्हणाला, “आम्ही घरात कधी असतो, कधी नसतो, ते आता बिलवाल्यांना ठाऊक. उद्या चोराला ठाऊक व्हायला कितीसा वेळ?” त्यावर कोणीतरी मागून म्हणाले की चोराला तुमच्या घरात येऊन काय मिळणार, ईएमआयची पुस्तकं? सगळे हसले. आणि त्या हशात आपले अप्पा उठून उभे राहिले. म्हणाले, “माझं डोकं उठतं. रोज. ठणकतं.”

तुला हे वाचून जे वाटेल तेच मला वाटले. अप्पांनी आयुष्यभर कवायत शिकवली. डोके दुखणे ही सवय आहे, आजार नव्हे, असे सांगून त्यांनी किती मुलांना उन्हात मैदानाच्या फेऱ्या मारायला लावल्या असतील. त्यांचे डोके दुखलेले मी आजवर पाहिलेले नाही.

तक्रारीचा अर्ज लिहिण्याचे काम माझ्यावर आले, कारण इमारतीच्या दृष्टीने मी अजूनही दहावीला पहिली आलेली मुलगीच आहे. मी आठवडाभर वाचन केले. मीटर आपला आकडा हवेतून पाठवतो, त्या लहरींनी डोके दुखते किंवा झोप उडते असे सिद्ध झालेले मला कुठे सापडले नाही. उशाशी घेऊन झोपतो तो फोन याहून अधिक बोलका. तरी आजींच्या कानातला रातकिडा खोटा आहे असे लिहिण्याचा मला काय अधिकार? त्यांना तो ऐकू येतो. मी दोन्ही लिहिले. दुसरी तक्रार मात्र मला निर्विवाद वाटली. कोण केव्हा उठते, घर केव्हा रिकामे असते, कोणाची झोप मोडते, हे घराबाहेर जाते आणि कोणी विचारत नाही. ते मी मन लावून लिहिले. सेक्रेटरींनी वाचले आणि म्हणाले, “ताई, अर्ज झकास उतरलाय. फक्त साहेबांना सोबत एक शब्दकोश द्यावा लागेल.”

अर्ज घेऊन मीच कार्यालयात गेले. तिथला अधिकारी सभ्य होता. त्याने खुर्ची दिली आणि विचारले, “खातेदार कोण?” मी तुझे नाव सांगितले. “मग त्यांनाच येऊ द्या. किंवा सही पाठवू द्या. आणि घाबरता कशाला? आम्ही फक्त युनिट बघतो.” युनिट आणि हजेरी यांत मग फरक काय उरला, हे उत्तर मला सुचले, पण जिना उतरून रस्त्यावर आल्यावर. माझी सगळी उत्तरे रस्त्यावरच सुचतात, हे तुला माहीत आहे.

तेव्हा एवढी सही पाठव. अप्पांनी मला लिहायला सांगितलेले नाही. अप्पांची प्रकृती वयाला साजेशी आहे. माझे बरे चालले आहे.


गुरुवार, ७ नोव्हेंबर
घर, संध्याकाळ

सोमवारची पाने मी पाठवली नाहीत. वाचनालयात परत आलेली पुस्तके फळीवर लावताना ती माझ्या पिशवीत होती आणि मी दर थोड्या वेळाने पिशवी उघडून ती तिथेच आहेत ना, हे पाहत होते. पुन्हा वाचली. त्यांत एकही वाक्य असत्य नाही, आणि तरीही ती पाने खोटी आहेत. ‘वयाला साजेशी’ हे दोन शब्द शोधायला मला सर्वाधिक वेळ लागला होता.

दादा, अप्पा आजारी आहेत. तुला कळवायचे नाही, अशी त्यांनी मला आईची शपथ घातली आहे. ती मी या ओळीत मोडत आहे.

उन्हाळ्यात सुरुवात झाली. जिना चढताना प्रत्येक मजल्यावर ते बुटाची नाडी बांधायला थांबू लागले. आधी मला काही वाटले नाही. मग लक्षात आले की ज्या माणसाने शेकडो मुलांना नाडीची गाठ शिकवली, त्याची नाडी एका जिन्यात इतक्यांदा सुटत नाही. खूप हुज्जत घालून त्यांना छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. फुप्फुसे कडक होत चालली आहेत, त्या म्हणाल्या. मागे फिरणारे दुखणे नाही, पण ऑक्सिजनचे यंत्र बहुतेक वेळ लावले तर पुढे सरकणे सावकाश होईल आणि हृदयावर ताण येणार नाही. अप्पांनी त्यांना विचारले, “मैदानात उभा राहू शकेन का?” त्या म्हणाल्या, “यंत्र लावलंत तर घरात उभे राहाल.” अप्पांना त्या आवडल्या. सरळ बोलणारी माणसे त्यांना आवडतात.

यंत्र घरी आले. गुडघ्याएवढे, चाकांचे, घरघर करणारे. घेऊन आलेल्या माणसाला अप्पांनी एकच प्रश्न केला, की हे वीज किती खाते. तो उत्साहाने म्हणाला, फार नाही काका, फक्त सतत खातं, रेघ मारल्यासारखं एकसारखं. त्या क्षणी अप्पांचा चेहरा मिटला. माणूस गेल्यावर त्यांनी प्लग काढला आणि यंत्रावर आपला पंचा टाकला.

मी कारण विचारले. म्हणाले, “तो बसल्या जागी ओळखेल.”

आणि खरेच आहे. मोठमोठ्या इमारतींची वीज कुठे मुरते ते शोधून देणे हा तुझा व्यवसाय. आलेखातला कोणता उंचवटा गीझरचा, कोणता इस्त्रीचा, हे तू मला एकदा कौतुकाने समजावले होतेस. दिवसरात्र न तुटणारी एक नवी रेघ दिसली तर तू दोन दिवसांत काय ते ओळखशील, यात मलाही शंका नाही. सभेत अप्पांचे डोके का उठले, ते आता तुला कळेल.

आता ते भांडण. तुम्हा दोघांपैकी कोणीच ते पुन्हा उच्चारत नाही, म्हणून मला उच्चारू दे. आई गेल्यानंतरच्या हिवाळ्यात फोनवर अप्पा तुला म्हणाले की रोज पहाटे मैदानाला फेऱ्या मारतो, आणि तू हसत म्हणालास, “अप्पा, थापा कशाला? पहाटेपासून टीव्ही चालू असतो, इथे दिसतं मला.” तू हसलास ते प्रेमाने, मला ऐकू आले होते. अप्पांना फक्त वाक्य ऐकू आले. “घरात हेर नको मला,” असे म्हणून त्यांनी फोन ठेवला. तू पुढे दोनदा फोन केलास, त्यांनी उचलला नाही. मग तूही करणे सोडलेस. खाण तशी माती. आई गेल्यावर पहाटेची शांतता त्यांना सोसत नव्हती, म्हणून ते टीव्ही लावून बसत. बाहेर पाऊल उचलत नव्हते, आणि तुला काळजी वाटू नये म्हणून फेऱ्या सांगत होते. आलेखात यातले काहीच नव्हते.

तर यंत्र पंचाखाली पडून राहिले. त्यातून वाट काढली ती शेजारच्या शिवणवाल्या मावशींनी. त्यांची आणि आपली गॅलरी एकाच भिंतीची. भिंतीतून अप्पांचा खोकला त्यांना आमच्याइतकाच ऐकू येतो. एका सकाळी त्या आल्या, पंचा उचलून यंत्र पाहिले, मला बाजूला घेऊन सगळे विचारून घेतले आणि अप्पांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. “मास्तर, लेकाला कळू द्यायचं नाही ना? मग माझ्या भिंतीतून घ्या की. माझ्या मीटरकडे बघणारं जगात कोणी नाही.”

तेव्हापासून त्यांच्या गॅलरीतून आमच्या गॅलरीत एक जाड पांढरी वायर येते. अप्पांनी आढेवेढे घेतले नाहीत. मावशी म्हणतात, “तुमच्या अप्पांचा श्वास आता माझ्याकडे भाडेकरू आहे. फार आवाज करतो, पण चालीरीतीनं चांगला आहे.” अप्पा हसतात. नळी नाकात असली की त्यांचा रंग परत येतो, आणि मला रात्रीची झोप लागते. एवढ्यावर मी गप्प बसायला तयार होते.

पण पुढचे ऐक, कारण मला त्याने जास्त बेचैन केले आहे. अप्पांना एवढ्याने समाधान झाले नाही. यंत्र लपले, आता प्रकृती दिसली पाहिजे. पहाटे सहा ते सात घरात काहीही लावायचे नाही, असा त्यांनी नियम केला. दिवा नाही, पंखा नाही, पाण्याची मोटर नाही. तो त्यांचा फिरण्याचा तास. दादा, गेले पंधरा दिवस अप्पा रोज पहाटे खुर्चीत बसून फिरायला जातात. मी शेजारी काळोखात बसते. पुस्तक उघडता येत नाही. सात वाजले की ते म्हणतात, “लाव दिवा, आलो,” आणि मी दिवा लावते. त्या तासातही मावशींच्या भिंतीतली वीज त्यांच्या नाकाशी फुसफुसत असते, ती तेवढी कोणाला दिसत नाही.

आणि मग गेल्या आठवड्यात मंगळवारी तुझी ओळ आली. ‘अप्पा पहाटे फिरायला लागले वाटतं. छान.’

मी ती त्यांना वाचून दाखवली. म्हणाले, “पुन्हा वाच.” मी पुन्हा वाचली. त्या दिवशी त्यांनी दाढी केली.

आता तूच सांग, मी काय करायला हवे होते? ते सुख खोटे होते आणि मी ते मोडायला धजले नाही. म्हणून सोमवारी ती सभ्य पाने लिहिली. तू सही केली असतीस तर आलेख बंद झाला असता, यंत्र आपल्या भिंतीत लावता आले असते, आणि कोणालाच काही कळले नसते. हुशार मुलीचा हुशार उपाय. तरी ती पाने पाकिटात जात नाहीत. मी उठते, पाणी पिते, पुन्हा बसते. आता अप्पा आतून हाक मारत आहेत.


शनिवार, ९ नोव्हेंबर
घर, सकाळ

काल दुपारी जे झाले ते क्रमाने लिहिते. क्रम ठेवला नाही तर मला लिहिता येणार नाही.

मावशींना एका शाळेचे गणवेश शिवायचे होते. काल शेवटचा दिवस, म्हणून एका यंत्रावर त्या आणि दुसऱ्यावर त्यांची भाची, दोन्ही मोटरची. आणि मधूनमधून इस्त्री. त्यात आमचे यंत्र. मावशींना मंजूर झालेला भार जुन्या काळातला, एका बाईच्या संसारापुरता. जुना मीटर मुकाट्याने फिरत राहिला असता. हा नवा तसा नाही. मर्यादेबाहेर गेले की स्वतःच वीज तोडतो, थोड्या वेळाने परत देऊन पाहतो, आणि पुन्हापुन्हा तसेच झाले की कार्यालयातून सोडेपर्यंत बंद राहतो. हे मी अर्जासाठी वाचलेल्या कागदांत होते, दादा. मी वाचले होते, खाली रेघही मारली होती. आणि त्याच आठवड्यात ती पांढरी वायर गॅलरीतून ओढून घेताना मला ते आठवले नाही.

मावशींना वाटले, सगळीकडचीच वीज गेली. त्या आणि भाची कापड हातात घेऊन वारा घालत, गप्पा मारत बसल्या. मी वाचनालयात होते. इकडे यंत्राने शिटी मारली आणि ते थांबले. घरात अप्पा एकटे.

बऱ्याच वेळाने मावशींच्या कानावर आमच्या फ्रिजची घरघर आली. वीज गेली नाही, फक्त आपली गेली, हे त्यांच्या ध्यानात आले आणि त्या धावल्या. दार लोटलेलेच असते. अप्पा खुर्चीत पुढे झुकून, दोन्ही कोपर गुडघ्यांवर टेकून बसले होते. ओठ निळे. आणि हातात यंत्राचा प्लग. वायरीतून काढून घेतलेला.

आमच्या भिंतीतली प्लगची जागा खुर्चीपासून हाताच्या अंतरावर आहे. तिथवर त्यांचा हात पोहोचतो. रोज ते तिथेच रेडिओ लावतात.

मावशींनी प्लग त्यांच्या मुठीतून सोडवून आमच्या भिंतीत खुपसला. मला सांगताना त्या रडत नव्हत्या, चिडल्या होत्या. “तुझा बाप काय म्हणाला माहीत आहे? मला म्हणतो, थांब. मी म्हटलं, मास्तर, कवायत शाळेत. इथं मी सांगते तेव्हा श्वास घ्यायचा.”

मी पोहोचले तेव्हा ते सावरले होते. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या की दैव बरे, पण असे दुसऱ्यांदा होऊ देऊ नका. यंत्राविना दिवसचे दिवस काढायची त्यांच्या हृदयात ताकद उरलेली नाही. संध्याकाळी मावशींची वीज आली. फोनवर कार्यालयातल्या माणसाने त्यांना विचारले की भार एकदम कसा वाढला, दुसऱ्याच्या घरात तर देत नाही ना? त्या म्हणाल्या, नवीन शिलाईयंत्र घेतलंय. आमच्यासाठी त्या खोटे बोलल्या. सोमवारी माणूस येऊन पाहणार आहे. वायर मी स्वतः गुंडाळली. मावशी नको म्हणत होत्या, तरी गुंडाळली. त्यांची शिवणाची रोजी त्या मीटरवर आहे.

अप्पांनी आमच्या भिंतीतला प्लगही काढला. यंत्रावर पुन्हा पंचा आहे.

आज सकाळी तुझा प्रश्न आला. ‘काल दुपारी दोन-अडीच तास काहीतरी नवीन चालू होतं. काय घेतलं?’

अप्पा म्हणाले, “मिक्सर म्हण.” मी म्हटले, मिक्सर अडीच तास कोणी फिरवत नाही. “मग इस्त्री म्हण. मावशींची बिघडली म्हणून इथे केली, म्हण.” मी ‘इस्त्री’ असे टाइप केले. पुसले. पुन्हा टाइप केले. तुला माझे नाव फोनवर दिसत असेल आणि त्याखाली मी लिहीत आहे, लिहीत आहे, असेच दिसत असेल. मी फोन पालथा ठेवला आणि हा कागद पुढे ओढला.

ते समोर बसून वर्तमानपत्र वाचत आहेत. मोठ्याने वाचायची त्यांची सवय तुला आठवते. तीन शब्द, मग श्वास. दोन शब्द, मग श्वास. बातमीतल्या मंत्र्याला त्यांनी नेहमीसारखी शिवी दिली, पण ती अर्ध्यावर राहिली. मी हसले, कारण त्यांना हसलेले हवे होते.

मी इथे तुझ्यावर काही ढकलत नाही. त्यांना लपवायचा हक्क आहे, असे मला अजूनही वाटते. आपले दुखणे कोणाला सांगायचे हे माणसाने स्वतः ठरवावे. भिंतीवरच्या पेटीने नव्हे, आणि मुलीनेही नव्हे. त्या अर्जात मी हेच लिहिले होते, पान भरून, अलंकारिक भाषेत. आणि आज त्याच हक्काने ते गुदमरत आहेत.


रविवार, १० नोव्हेंबर
घर, सकाळ

आज पहाटे सहाला अप्पा नेहमीप्रमाणे फिरायला निघाले. म्हणजे खुर्चीत बसले. यंत्र बंद, दिवा बंद. काळोखात मला फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता, आणि मधूनमधून तो ऐकू येत नव्हता.

मी उठले आणि दिवा लावला.

“सात वाजले नाहीत,” ते म्हणाले.

“नाही वाजले. अप्पा, मी दादाला लिहिलं आहे. सगळं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मैदानात उशिरा येणाऱ्या मुलाकडे ते जसे पाहत असतील तसे. “आईची शपथ होती.”

“मोडली.”

“पाठवलंस?”

“अजून नाही.”

“मग कशाला लिहिलंस? प्लग लावला असतास तर त्या डबड्यानंच सांगितलं असतं.”

“डबडं किती ते सांगेल, अप्पा. का ते नाही सांगणार.”

मी इतके एका दमात त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. रस्त्यावर न जाता, तिथेच सुचलेले. ते म्हणाले, “वाच.”

मी सोमवारपासून वाचायला लागले. हळू वाचत होते तर म्हणाले, “मोठ्यानं. शेवटच्या रांगेला ऐकू गेलं पाहिजे.” म्हणून उभी राहून वाचले. ‘वयाला साजेशी’ला त्यांनी भुवई उचलली. बुटाच्या नाडीपाशी म्हणाले, “लक्षात आलं होतं तुझ्या?” मावशींच्या भाडेकरूपाशी हसले. खुर्चीतल्या फिरण्यापाशी इतके हसले की खोकल्याची उबळ आली, आणि मी कागद ठेवून त्यांची पाठ चोळली. उबळ थांबल्यावर त्यांनी डोळे पुसले. ते खोकल्याने आलेले पाणी होते की काय, हे लिहिण्याची मला परवानगी नाही.

प्लगाचा भाग आला तेव्हा म्हणाले, “हे काढ.”

“ते राहील,” मी म्हटले.

“मग हेही घाल, की मी मरायला बसलो नव्हतो. मी विचार करत होतो. मला त्याला...”

पुढे काही आले नाही. श्वास संपला की शब्द, ते मला कळले नाही. जितके म्हणाले तितके इथे घातले आहे.

मग आणखी एक दुरुस्ती सांगितली. ‘आजारी’ हा शब्द खोडून ‘धाप लागते’ असे लिही, म्हणाले. मी म्हटले, पत्र आता खाडाखोड करून विद्रूप करणार नाही. तुमची दुरुस्ती शेवटी लिहीन. तर लिहिते: अप्पांना धाप लागते.

त्यानंतर त्यांनी पायाने यंत्रावरचा पंचा ओढून काढला आणि भिंतीकडे बोट दाखवले. आपल्या भिंतीकडे. मी प्लग लावला. साडेसात वाजून गेले होते. नळी त्यांनी स्वतः नाकाशी बसवली, पट्टा कानामागून नीट घेतला आणि डोळे मिटून बसले. आत्ता मी हे लिहीत असताना घरघर चालू आहे आणि ओठांवर रंग परत येतो आहे.

तेव्हा उद्या सकाळी आजचा आलेख उघडशील, तर त्यात एक सपाट रेघ सुरू झालेली दिसेल. ती तुटणार नाही. तुटू नये अशीच प्रार्थना कर. ती तुला माझ्याआधी भेटू नये, म्हणून या पानांची छायाचित्रे काढून मी फोनवर पाठवत आहे. मूळ पाने टपालाने येतील.

सोमवारची विनंती मी मागे घेत नाही. उलट आता ती नीट करते. तो आलेख बंद कर, दादा. सही पाठव. रेघ सरळ आहे ना, एवढे बघून तू तिकडे निश्चिंत झोपशील आणि इथे अप्पा त्या रेघेआड बसून राहतील. असे दोन वर्षे चालले, तेवढे पुरे झाले. ते कसे आहेत हे तुला जाणून घ्यायचे असेल तर त्यांना विचार. थापा मारतील. त्या ऐकून घे.

फोन माझ्या नव्हे, घरच्या फोनवर कर. मी त्यांना विचारले की दादाचा आला तर उचलाल का. म्हणाले, “बघू.” त्यांच्या ‘बघू’चा अर्थ तुला माझ्याहून चांगला कळतो. फक्त एक कर. पूर्वीसारखा चार-पाच घंटांनंतर ठेवून देऊ नकोस. खुर्चीतून उठून, नळी सावरून फोनपर्यंत यायला त्यांना आता वेळ लागतो. वाजू दे.

तुझी धाकटी बहीण

पाठवले: रविवार, १० नोव्हेंबर, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे.